जबाबदारी मोजायची तर कामाच्या तासांत

हवामानबदलाबद्दल सामान्य माणसाला जे सल्ले दिले जातात ते बहुतेक त्याच्या फावल्या वेळाचे असतात. दिवे बंद करा, पिशवी घरून न्या, विमान टाळा, नवे कपडे कमी घ्या. यातला एकही सल्ला चुकीचा नाही. पण माणूस आठवड्याचे चाळीस-पंचेचाळीस तास जिथे घालवतो, जिथे त्याची अक्कल आणि अंगमेहनत खर्ची पडते, त्या जागेबद्दल हे सल्ले अवाक्षर काढत नाहीत. व्यक्तीची हवामानाबाबतची जबाबदारी मोजायचीच असेल तर खरेदीच्या पावत्या बाजूला ठेवून कामाचे तास मोजावेत, असं माझं मत आहे. तसे मोजायला घेतले की दुसरा प्रश्न दारात उभा राहतो: काम बदलायचं म्हटलं तरी पदवी कुठून आणायची? याचं उत्तर लोकांना वाटतं त्यापेक्षा सोपं आहे, आणि प्रशिक्षणवर्गांच्या जाहिराती सांगतात त्यापेक्षा बरंच अवघड.

आधी पावत्यांचं पाहू. ‘कार्बन फूटप्रिंट’ हा शब्द घराघरात पोचवण्यात बीपी या तेलकंपनीचा मोठा वाटा आहे. पाऊलखुणेची मूळ कल्पना अभ्यासकांची, १९९०च्या दशकातली. पण प्रत्येकाला आपापला कार्बन मोजता यावा म्हणून २००४मध्ये बीपीने एक कॅल्क्युलेटर उपलब्ध करून दिला आणि त्या काळात या कल्पनेची भरपूर जाहिरात केली. तेल विकणाऱ्याने तेल जाळणाऱ्याकडे हिशेब मागायचा, यातली चतुराई आता पुष्कळांच्या लक्षात आली आहे. त्यावर उलट बाजूचं उत्तरही तयार असतं. रिचर्ड हीडी यांच्या २०१४च्या अभ्यासात १७५१ ते २०१० या काळातल्या औद्योगिक कार्बन डायऑक्साइड आणि मिथेनपैकी ६३ टक्क्यांचा माग कोळसा, तेल, वायू आणि सिमेंट यांच्या अवघ्या ९० उत्पादकांपर्यंत लावला आहे. मग माणसं म्हणतात, दोष त्या नव्वदांचा. आम्ही दिवा बंद केला काय आणि नाही काय.

खरं म्हणजे एकच टन दोन वह्यांत लिहिला जातो आहे. तेलकंपनीच्या नावावर मांडलेला बहुतेक धूर प्रत्यक्षात तिच्या गिऱ्हाइकांच्या इंजिनातून, बॉयलरमधून, भट्टीतून निघालेला असतो. तो कुणाच्या वहीत लिहायचा हा वाद कर बसवण्यासाठी आणि नुकसानभरपाईसाठी महत्त्वाचा आहे, तो सोडून द्यावा असं नाही. पण वही बदलली म्हणून टन कमी होत नाही. तो कमी होतो तेव्हा कुणीतरी कुठेतरी पाना फिरवलेला असतो: गळकी झडप बदललेली असते, जुना बॉयलर काढून तिथे हीट पंप (बाहेरची उष्णता ओढून आत आणणारं विजेवरचं यंत्र) बसवलेला असतो, छतावर पॅनेल चढलेलं असतं, भिंतीतल्या फटी बुजवलेल्या असतात. कायदा संसदेत होतो, पैसा बँकेतून येतो. पण शेवटचा नट कुणाच्या तरी हाताने आवळला जातो, आणि त्या हाताला पदवी आहे की नाही हे नटाला ठाऊक नसतं.

एक हिशेब मांडून पाहू. वातानुकूलन यंत्रांत वर्षानुवर्षं वापरला गेलेला आर-४१०ए हा वायू घ्या. १०० वर्षांच्या मापाने त्याचा एक किलो हवेत सुटणं म्हणजे सुमारे २,०८८ किलो कार्बन डायऑक्साइड सोडण्यासारखं आहे. घरगुती यंत्रात तो साधारण किलोभर असतो. जुनं यंत्र काढताना तंत्रज्ञापुढे दोन रस्ते असतात. झडप उघडून वायू हवेत सोडायचा, याला दोनचार मिनिटं लागतात. किंवा रिकव्हरी मशीन जोडायचं, आधी निर्वात केलेला सिलिंडर वजनकाट्यावर ठेवायचा, वायू त्यात ओढून घ्यायचा आणि सिलिंडर ८० टक्क्यांच्या वर भरू द्यायचा नाही, कारण उन्हात द्रव फुगला की तो फुटू शकतो. याला अर्धा तास सहज जातो. वायूला रंग नाही, जाणवेल असा वास नाही, मालक दुसऱ्या खोलीत. समजा, एक तंत्रज्ञ आठवड्याला चार जुनी यंत्रं उतरवतो आणि प्रत्येकातून पाऊण किलो वायू परत मिळवतो. वर्षाचे ४५ आठवडे धरले तर १३५ किलो वायू, म्हणजे जवळजवळ २८० टन कार्बन डायऑक्साइडच्या बरोबरीचं उत्सर्जन टळलं. जीवाश्म इंधनांमुळे जगात दरडोई वर्षाला ४.७ टनांच्या आसपास कार्बन डायऑक्साइड निघतो. एका माणसाने कामाच्या वेळात, पगार घेऊन, साठ माणसांइतका भार उचलला.

या आकड्याला लगेच हार घालू नये. पहिली गोष्ट, सिलिंडरमध्ये भरलेला वायू शुद्धीकरणाला किंवा नष्ट करायला गेला नाही आणि गोदामात गंजत पडला, तर उत्सर्जन टळलं नाही, लांबलं. दोन वेगळे वायू एकाच सिलिंडरमध्ये भरले तर शुद्धीकरण करणारे तो सिलिंडर बहुधा परत पाठवतात, आणि मग त्याचं काय होतं हे कुणी विचारत नाही. दुसरी गोष्ट, हे श्रेय एकट्या तंत्रज्ञाचं नाही. मशीन घेऊन देणारा, त्या अर्ध्या तासाचे पैसे देणारा आणि वायू सोडायला बंदी घालणारा कायदा, सगळ्यांचा त्यात भाग आहे. तरीही जबाबदारी नेमकी कुठे बसलेली असते ते यातून दिसतं. ती बसलेली असते त्या अर्ध्या तासात. हे काम नगावर पैसे घेणाऱ्याला दिलं तर तो अर्धा तास कापला जाणार, हे सांगायला तज्ज्ञ नको.

ओझोनला मारक वायू आटोक्यात आणणारा १९८७चा मॉन्ट्रियल करार आणि आर-४१०एसारखे तापवणारे वायू कमी करण्यासाठी त्याला २०१६मध्ये किगालीत जोडलेली दुरुस्ती यांच्याबद्दल बोलताना आपण देशांची नावं घेतो. किगाली दुरुस्ती नीट पाळली गेली तर शतकाअखेरची तापमानवाढ अर्ध्या अंशापर्यंत टळू शकते, असा अंदाज आहे. ती पाळली जाणार कुठे? यंत्राच्या मागे, अडचणीच्या कोपऱ्यात गुडघ्यावर बसलेल्या माणसाच्या हातून. नव्या यंत्रांत आर-३२ येतो, त्याचा तापमानवाढीचा आकडा ६७५. काहींत प्रोपेन, म्हणजे आर-२९० येतो, त्याचा पाचापेक्षाही कमी. पण आर-३२ मंदपणे पेटणारा आहे आणि प्रोपेन तर सरळ इंधनच. वायू जितका हवामानाला सौम्य, तितकं काम हाताला जोखमीचं, असा हा उलटा व्यवहार आहे.

आता पदवीकडे येऊ. हे काम शिकण्यासाठी काय लागतं ते बारकाईने पाहिलं तर पदवीचा आग्रह किती पोकळ आहे ते कळतं, आणि प्रशिक्षणाचा आग्रह किती खरा आहे तेही. तांब्याच्या नळ्या ब्रेझिंगने, म्हणजे सांध्यात दुसरा धातू वितळवून, जोडताना आतून नायट्रोजनचा हलका प्रवाह चालू ठेवावा लागतो. तो नसेल तर तापलेल्या तांब्याच्या आतल्या बाजूला काळी खपली धरते. जोड बाहेरून चकचकीत दिसतो, पण ती खपली सुटून पुढे एक्स्पान्शन व्हॉल्व्हच्या बारीक भोकात अडकते आणि दोनतीन महिन्यांनी यंत्र नीट थंड करत नाही. मग दुसरा कुणी येऊन ‘वायू कमी झालाय’ म्हणत आणखी वायू भरतो. नळ्या जोडून झाल्या की व्हॅक्यूम पंपाने आतला दाब ५०० मायक्रॉनच्या (हे इथे निर्वातातल्या दाबाचं माप) खाली आणायचा, पंप वेगळा करायचा आणि गेजकडे बघत बसायचं. काटा थोडा चढून थांबला तर आत ओलावा आहे. चढतच राहिला तर गळती आहे. बरेच जण पंप पंधरा मिनिटं घड्याळ लावून चालवतात आणि गेज जोडतच नाहीत. पंप चालला म्हणजे व्हॅक्यूम झाला, असं मानून टाकतात. यातलं काहीही शिकायला चार वर्षांचं महाविद्यालय लागत नाही. पण जाणत्या हाताखाली पन्नास-साठ यंत्रं बसवल्याशिवाय ते अंगवळणीही पडत नाही.

सौर पॅनेलचंही तसंच. एका ओळीत किती पॅनेल जोडायची हा गुणाकार आहे, पण त्यात एक खाच आहे. थंडीत पॅनेलचं व्होल्टेज वाढतं, दर अंशाला साधारण ०.३ टक्के. पॅनेलवर लिहिलेला आकडा २५ अंश तापमानाचा असतो. समजा एका पॅनेलचं खुल्या मंडलाचं, म्हणजे काहीही न जोडता मोजलेलं, व्होल्टेज ५० आहे आणि इन्व्हर्टर १,००० व्होल्टपर्यंतच सोसतो. १९ पॅनेल जोडली तर ९५० होतात, कागदावर सगळं ठीक. पण पहाटेचं तापमान ५ अंशांवर उतरत असेल तर फरक २० अंशांचा, वाढ ६ टक्क्यांची, आणि ९५०चे १,००७ होतात. पहिल्याच कडक थंडीच्या सकाळी इन्व्हर्टर जाऊ शकतो, आणि मर्यादेपेक्षा जास्त व्होल्टेज दिल्याची नोंद त्याच्या आत राहिली तर वॉरंटीही जाते. १८ पॅनेल लावली तर ९५४ होतात, काम निभावतं. ही गणितं शाळेच्या पुढची नाहीत. ती प्रत्येक जागी, प्रत्येक वेळी, कंटाळा न करता करणं ही खरी पात्रता.

त्याहून मोठा धोका कनेक्टरमध्ये असतो. दोन वेगळ्या कंपन्यांचे कनेक्टर एकमेकांत ‘टक्’ आवाज करून बसतात, म्हणून लोक ते जोडून मोकळे होतात. आतल्या धातूचा मुलामा आणि मापं वेगळी असली की संपर्क सैल राहतो, रोध वाढतो, जोड तापतो, वर्षा-दोन वर्षांनी प्लास्टिक वितळतं. एसी प्रवाह ५० हर्ट्झला सेकंदात शंभर वेळा शून्यावर येतो, त्यामुळे त्यातली ठिणगी विझायला संधी मिळते. पॅनेलमधून येणारा डीसी प्रवाह शून्यावर येतच नाही, म्हणून एकदा पेटलेला आर्क जळत राहतो. छतावरच्या आगींमागे बऱ्याचदा असा पाच मिनिटांत उरकलेला जोड असतो. नीट औजाराऐवजी पकडीने दाबलेला क्रिम्पही (तारेच्या टोकावर दाबून बसवलेला धातूचा जोड) त्याच जातीचा.

म्हणून ‘पदवी नको’ हे वाक्य अर्धंच म्हटलं तर ते घातक आहे. ऑस्ट्रेलियात २००९च्या फेब्रुवारीत घरांच्या छतांत उष्णतारोधक आवरण बसवण्याची सरकारी योजना जाहीर झाली. मंदीत रोजगार द्यायचा आणि वीजही वाचवायची, असा दुहेरी हेतू होता. काम सोपं समजलं गेलं, नवख्या मुलांची झपाट्याने भरती झाली, देखरेख तोकडी पडली. काहींनी धातूचं चकाकतं आवरण धातूच्याच पिनांनी ठोकलं. पिना जिवंत तारेत घुसल्या. चार तरुण कामगार मेले, त्यातले तिघे विजेच्या धक्क्याने आणि एक छताखालच्या उष्म्याने. घरांना आगीही लागल्या. वर्षभरात योजना बंद झाली आणि २०१४मध्ये चौकशी आयोगाचा अहवाल आला. त्या मुलांकडे पदवी नव्हती हा मुद्दाच नव्हता. आवरण पसरायच्या आधी घराचा मुख्य स्विच बंद करायचा, तारा कुठून गेल्यात ते पाहायचं आणि अशा उष्म्यात माणसाने किती वेळ थांबायचं, एवढं त्यांना कुणी सक्तीने शिकवलं नाही. हवामानाची घाई हे निष्काळजीपणाचं कारण होऊ शकतं, याचं याहून ठळक उदाहरण मला माहीत नाही.

पदवीशिवाय काय साधतं याचं उदाहरण द्यायचं तर लोक संगणकक्षेत्रातली नावं घेतात. हवामानाच्याच क्षेत्रात त्याहून जुनं आणि चांगलं नाव आहे. जेम्स क्रॉल हा स्कॉटलंडचा माणूस, जन्म १८२१. शाळा फार थोडी. यंत्रकाम, सुतारकाम, चहाचं दुकान, छोटं हॉटेल, विमा एजंटगिरी, सगळं करून झालं, कशातच जम बसला नाही. १८५९मध्ये ग्लासगोच्या अँडरसोनियन संस्थेच्या संग्रहालयात तो रखवालदार म्हणून लागला. पगार कमी, पण ग्रंथालय हाताशी. १८६४मध्ये त्याने पृथ्वीच्या कक्षेतले बदल आणि हिमयुगं यांचा संबंध जोडणारा निबंध प्रसिद्ध केला. बर्फ वाढलं की सूर्यप्रकाश परत फेकला जातो आणि थंडी आणखी वाढते, हा आजच्या हवामान-प्रारूपांत असलेला परिणाम त्याने ओळखला होता. १८७६मध्ये तो रॉयल सोसायटीचा सदस्य झाला. क्रॉलच्या गोष्टीतून ‘जिद्द असली की झालं’ असं काढणारे भेटतात. मला त्यात ग्रंथालय दिसतं, मोकळा वेळ देणारी नोकरी दिसते, आणि निबंध छापताना लेखकाची पदवी न विचारणारं नियतकालिक दिसतं. ही तीन दारं बंद असती तर जिद्द रखवालदाराच्या खोलीतच राहिली असती.

तेव्हा प्रत्यक्ष बदलायचं कसं? प्रमाणपत्र विकत घेण्यापासून सुरुवात करू नये. तो आधी कळस मग पाया असा प्रकार होतो. आधी अंगाला काम मानवतं का ते पाहावं. दोनचार दिवस एखाद्या टोळीबरोबर हेल्पर म्हणून, निदान बघ्या म्हणून जावं. उंची, उष्मा, अडचणीची पोटमाळ्याची जागा, दिवसभर गुडघ्यावर बसणं, हे चित्रफितीतून कळत नाही. पवनचक्कीवर काम करायचं तर ऐंशी-शंभर मीटर शिडी चढायची तयारी लागते, आणि तिथे वैद्यकीय तपासणी आणि उंचीवरच्या कामाचं सुरक्षा-प्रशिक्षण झाल्याशिवाय सहसा कुणी वर सोडत नाही. ज्याला उंचीची भीती वाटते त्याने स्वतःला दोष देत बसू नये. जमिनीवर कामं कमी नाहीत.

मग मीटर हातात धरायला शिकावं. पहिली सवय एकच: मंडल बंद केलं, कुलूप लावलं, की मीटर आधी खात्रीच्या जिवंत ठिकाणी तपासायचा, मग बंद केलेल्या मंडलावर लावायचा, मग पुन्हा जिवंत ठिकाणी. मधल्या तपासणीत शून्य दिसलं आणि मीटरच बिघडलेला असला तर ते शून्य जीव घेतं. ही तीन पावलं जो हसण्यावारी नेतो त्याच्या हाताखाली शिकू नये, मग तो कितीही जुना मिस्त्री असो.

प्रमाणपत्राची वेळ यानंतर येते, आणि इथे फसवणूक सर्वांत जास्त. कसोटी सोपी आहे. ज्यांच्याकडे काम मिळावंसं वाटतं अशा पाचजणांना विचारावं की गेल्या वर्षी ठेवलेल्या माणसांकडे कोणता कागद होता, आणि तो कागद कुणी मागितला होता: कायद्याने, विमा कंपनीने की यंत्र बनवणाऱ्याने? तिघांपैकी कुणीच मागत नसेल तर तो कागद भिंतीवर लावण्यापुरता. कायद्याने लागणारी प्रमाणपत्रंही पदवी मागतातच असं नाही. अमेरिकेत शीतक वायू हाताळायला ‘कलम ६०८’ची परीक्षा द्यावी लागते, प्रत्येक विभागात २५ प्रश्न, त्यातले १८ बरोबर आले की उत्तीर्ण, आणि पदवीची अट नाही. उलट, वीजकामाचा पूर्ण परवाना अनेक देशांत तीन ते पाच वर्षांच्या उमेदवारीनंतरच मिळतो, आणि तो तसाच मिळावा. ‘सहा आठवड्यांत सौर अभियंता’ अशी जाहिरात दिसली तर तासांचा हिशेब मागावा: प्रत्यक्ष औजार हातात घेऊन किती तास, एका औजारामागे किती विद्यार्थी, आणि शिकवणाऱ्याने स्वतः शेवटचं छत कधी चढलं होतं?

काही दारं पदवीशिवाय खरोखर बंद आहेत, ते लपवण्यात अर्थ नाही. इमारतीचं छत पॅनेलांचा आणि वाऱ्याचा भार पेलेल असं लेखी देणारी सही पात्र अभियंत्याचीच लागते. ग्रिडच्या संरक्षणाची रचना, नव्या पदार्थांवरचं संशोधन, यांचंही तेच. मात्र त्या सहीच्या आगेमागे असलेली मोजमापं, चाचण्या, नोंदी ही कामं पदवीविना होतात, आणि बहुतेक चुका तिथेच होतात.

आधीच्या धंद्यातलं भांडवल शून्य धरणं ही बदलणाऱ्याची सर्वांत महागडी चूक. तेल-वायूच्या नळांवर वेल्डिंग केलेल्याला नव्या बॉयलरखोलीत बरंचसं ओळखीचं असतं. मिथेनची गळती शोधण्यात तर तो नवशिक्या पदवीधराच्या पुढेच असतो. मिथेन २० वर्षांच्या मापाने कार्बन डायऑक्साइडच्या ८० पटींहून अधिक तापवतो, त्यामुळे एक सैल झडप ओळखणारा कान मोलाचा. जमाखर्च लिहिणाऱ्याला उत्सर्जनाचा जमाखर्च जमतो: कृतीचा आकडा गुणिले उत्सर्जनाचा गुणक. एक लिटर डिझेल जाळलं की साधारण २.६८ किलो, पेट्रोल २.३१ किलो. चुका होतात त्या गुणाकारात होत नाहीत. किलोवॅट-तासाच्या जागी मेगावॅट-तास पडतात, एकच वाहतूक विकणारा आणि घेणारा दोघेही आपल्याच थेट उत्सर्जनात धरतात, मागच्या वर्षीचा गुणक पुढे तसाच ओढला जातो. बिलं जुळवत बसण्याची सवय असलेला माणूस या चुका पकडतो, कारण त्याला आकडा न जुळल्याची बोच लागते.

पैशाचं बोलायलाच हवं. हेल्पर म्हणून सुरुवात केली की पहिलं वर्ष कमाई घटते, औजारं स्वतःची घ्यावी लागतात, कामाचा हंगाम असतो. सहा महिन्यांचा घरखर्च बाजूला नसेल तर नोकरी सोडून उडी मारू नये, आठवड्याच्या सुटीत काम करत राहावं. शिवाय हा धंदा धोरणावर नाचतो. अनुदान आटलं की सौर कंपन्या माणसं कमी करतात. त्यामुळे एकाच यंत्रापुरतं शिकू नये. वीज, शीतकरण, नळकाम यांपैकी एक पाया पक्का असेल तर वरची यंत्रं बदलली तरी माणूस रिकामा बसत नाही. पंचेचाळिशीनंतर छतावर चढणं कंबरेला नको होतं, म्हणून पहिल्या दिवसापासून मोजमापांची वही ठेवावी: कोणत्या जागी किती रोध आला, किती व्होल्टेज, काय चुकलं, का चुकलं. तपासणी, कार्यान्वयन, देखभाल अशा कामांकडे सरकताना हीच वही पदवीच्या जागी पुढे करता येते.

यावर एक आक्षेप रास्त आहे. ज्याच्या पाठीशी काहीच नाही, अशाला ‘हवामानासाठी काम बदल’ सांगणं हा उपदेशाचा माज नाही का? आहे. जगातल्या सर्वाधिक उत्सर्जन करणाऱ्या १० टक्के लोकांकडे जवळजवळ निम्मं उत्सर्जन जातं, आणि त्यांचे कामाचे तास सर्वांत प्रभावी आहेत: ते कंत्राटं देतात, यंत्रं निवडतात, कामाची मुदत ठरवतात. खरेदी-विभागातल्या अधिकाऱ्याने नोकरी न सोडता निविदेत ‘जुना वायू परत मिळवल्याची वजनासह नोंद दाखवल्याशिवाय बिल मंजूर होणार नाही’ असं एक कलम घातलं तर त्या अर्ध्या तासाचे पैसे आपोआप हिशेबात येतात. काम बदलण्याइतकंच हेही जबाबदारीचं काम. कोळशाच्या खाणीत राबणाऱ्याकडे मात्र जाब मागायला जाऊ नये. त्याच्याकडे जायचं तर उमेदवारीच्या काळातला पगार हातात घेऊन जावं.

राहिला नोकरी देणाऱ्यांचा प्रश्न. माणसं मिळत नाहीत अशी तक्रार करणारेच जाहिरातीत ‘पदवी आवश्यक’ छापतात, कारण अर्जांचा ढीग कमी करायला तो सर्वांत स्वस्त चाळणा आहे. त्याऐवजी दोन तासांची परीक्षा घ्यावी. टेबलावर नीट औजार, तार आणि दहा कनेक्टर ठेवावेत. एक ओळ किती पॅनेलांची असावी ते थंडीचं तापमान देऊन काढायला सांगावं. ब्रेझिंग केलेली एक नळी नायट्रोजनच्या दाबाखाली ठेवून गळती कुठे आहे ते साबणाच्या पाण्याने शोधायला लावावं. मीटर हातात द्यावा, पण बिघडलेला, आणि उमेदवाराच्या ते कधी लक्षात येतं ते पाहावं. कनेक्टर मात्र सगळे दहा करून घ्यावेत आणि ओढून, कापून तपासताना दहाव्यापासून सुरुवात करावी. पहिला सगळ्यांचाच चांगला येतो.